सरकारी सरसकट पाळत आणि तिचे समर्थक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सरकारने सगळ्यांच्याच फोनच्या आणि मेलच्या नोंदी जमवाव्यात का, या वादावर मी बरीच वर्षं लिहिते आहे. वाचकांचे तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात, काही कुतूहलाने, काही चिडून. ते इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली आणि युरोपातली आहेत, कारण तिथली गुप्त कागदपत्रं उघड्यावर आली, न्यायालयांनी ती तपासली आणि समर्थकांना लोकप्रतिनिधींसमोर उत्तरं द्यावी लागली. मी सरसकट पाळतीच्या विरोधात आहे, हे आधीच सांगून टाकते. तरीही समर्थकांचं म्हणणं त्यांनी मांडलं तसंच ठेवलं आहे.

१. सरसकट पाळत म्हणजे पोलीस फोन टॅप करतात तेच ना?

नाही. फोन टॅपिंगमध्ये आधी संशय असतो, मग त्या माणसाच्या फोनवर कान ठेवला जातो. सरसकट पाळतीत हा क्रम उलटा होतो: आधी सगळ्यांची माहिती गोळा करून ठेवायची, आणि संशय कुणावर घ्यायचा ते पुढे कधीतरी ठरवायचं.

एक कागद पाहिला की हा फरक कळतो. २५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतल्या गुप्त न्यायालयाने व्हेरायझन या दूरध्वनी कंपनीच्या नावे एक आदेश काढला. कंपनीकडच्या सगळ्या कॉलच्या नोंदी, देशातल्या देशात केलेल्या कॉलसकट, रोजच्या रोज एनएसए या गुप्तचर संस्थेला द्यायच्या, आणि असा आदेश आहे हे कुणाला सांगायचं नाही. त्यात एकाही संशयिताचं नाव नव्हतं. पाच जूनला तो आदेश वृत्तपत्रात छापून आला आणि आजचा वाद तिथून सुरू झाला.

२. स्नोडेनने उघड केलं तरी काय?

एडवर्ड स्नोडेन एनएसएसाठी कंत्राटी तंत्रज्ञ म्हणून काम करत होता. त्याने पत्रकारांना दिलेल्या कागदांतून वरचा आदेश बाहेर आला, मोठ्या इंटरनेट कंपन्यांकडून माहिती घेणारा प्रिझम हा कार्यक्रम बाहेर आला, आणि समुद्राखालच्या केबलमधून जाणारा मजकूर उपसणारा जीसीएचक्यू या ब्रिटिश गुप्तचर संस्थेचा टेम्पोराही. त्याच्यावर १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली आरोप ठेवले गेले, तो रशियात अडकला आणि २०२२ मध्ये त्याला तिथलं नागरिकत्व मिळालं. त्याने आतल्या मार्गाने तक्रार करायला हवी होती का, याचं उत्तर प्रश्न १५ मध्ये आहे.

३. कर नाही त्याला डर कशाला? माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि तो मंत्र्यांच्या तोंडीही असतो. जून २०१३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी नेमका हाच दिलासा दिला होता: कायदा पाळणाऱ्या नागरिकाला घाबरायचं कारण नाही.

या म्हणीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. ‘कर’ म्हणजे गुन्हा, आणि गुन्हा कशाला म्हणायचं ते सगळ्यांना एकदाच आणि कायमचं कळलेलं आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांचा गुन्हा काय होता? ऑक्टोबर १९६३ मध्ये ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी त्यांचे फोन टॅप करायला मंजुरी दिली. कारण असं दिलं गेलं की त्यांच्या जवळच्या माणसांचे कम्युनिस्टांशी संबंध असावेत. पुढे एफबीआयने ते उतरत त्या हॉटेलांच्या खोल्यांत मायक्रोफोन बसवले. कम्युनिस्ट कट काही सापडला नाही. सापडलं ते खाजगी आयुष्य. नोव्हेंबर १९६४ मध्ये, नोबेल शांतता पुरस्कार घ्यायला जाण्याच्या काही आठवडे आधी, त्यांच्या पत्त्यावर ध्वनिफितीसह एक निनावी पत्र पाठवलं गेलं. तुझ्यापुढे आता एकच मार्ग उरला आहे, अशा अर्थाचं ते पत्र होतं, आणि किंग यांनी त्याचा अर्थ आत्महत्या असाच घेतला. ते पत्र एफबीआयनेच लिहिलं होतं, हे १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीच्या चौकशीत बाहेर आलं.

किंग यांच्याकडे लपवण्यासारखं होतं का? होतं. प्रत्येक माणसाकडे असतं, आणि ते बहुधा गुन्हा नसतं.

दुसरी गोष्ट काळाची. १९४० च्या आधी नेदरलँड्समध्ये नागरिकांची नोंदवही अतिशय नीटनेटकी होती, तिच्यात धर्मही लिहिलेला असे, आणि ती करणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पुढे जर्मन फौजा आल्या आणि तेच कप्पे त्यांच्या हाती पडले. देशातल्या ज्यूंपैकी सुमारे तीन चतुर्थांश मारले गेले. २७ मार्च १९४३ च्या रात्री प्रतिकार चळवळीतली काही माणसं पोलिसांच्या गणवेशात ॲम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरली आणि कार्डांचे ढीग करून त्यांनी आग लावली. त्यांच्यातल्या बहुतेकांना नंतर गोळ्या घालण्यात आल्या. नोंदवहीत धर्म लिहून देणाऱ्या लोकांकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं.

४. बोलणं कुणी ऐकत नव्हतं, फक्त कॉलच्या नोंदी होत्या. मग एवढा गहजब कशाला?

‘तुमचे फोन कुणी ऐकत नाही,’ असं राष्ट्राध्यक्ष ओबामाही ७ जून २०१३ ला म्हणाले होते, आणि त्या कार्यक्रमापुरतं ते खरं होतं. गोळा होत होता तो मेटाडेटा: कुणी, कुणाला, कधी, किती वेळ.

आता हे पाहा. स्टॅनफर्डमधल्या संशोधकांनी स्वयंसेवकांच्या राजीखुशीने त्यांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. एका बाईने सकाळी लवकर बहिणीशी बराच वेळ बोलणं केलं होतं. दोन दिवसांनी तिने गर्भपाताची सोय असलेल्या संस्थेच्या दवाखान्यात अनेक फोन केले. दोन आठवड्यांनी पुन्हा काही थोडके फोन, आणि महिन्याने शेवटचा एक. यातला एक शब्दही कुणी ऐकलेला नाही. काय झालं असावं हे मात्र तुम्हाला आत्ता वाचतानाच कळलं.

जर्मनीतले ग्रीन पक्षाचे नेते माल्टे श्पिट्स यांनी आपल्या मोबाइल कंपनीवर दावा लावून स्वतःच्याच सहा महिन्यांच्या नोंदी मिळवल्या. त्या ३५ हजारांहून जास्त निघाल्या. २०११ मध्ये एका वृत्तपत्राने त्या नकाशावर मांडल्या, तेव्हा ते कधी झोपले, कुठल्या रेल्वेने गेले, कुठल्या सभेला थांबले ते सगळं एक बटण दाबून पाहता येत होतं. सीआयए आणि एनएसए या दोन्ही संस्थांचे माजी प्रमुख मायकल हेडन २०१४ मध्ये एका जाहीर चर्चेत म्हणाले, ‘आम्ही मेटाडेटाच्या आधारावर माणसं मारतो.’ तो कार्यक्रम यासाठी नव्हता, असंही त्यांनी लगेच जोडलं. मुद्दा एवढाच, की मेटाडेटा किरकोळ असतो असं त्या खात्यातलं कुणी मानत नाही.

५. पण हे सगळं संगणक बघतो, माणूस नाही. यंत्राने वाचलं म्हणून खाजगीपणा कसा जाईल?

न्यायाधीश रिचर्ड पोझ्नर यांनी २००५ मध्ये हाच युक्तिवाद केला होता: संगणकाला जाणीव नसते, त्यामुळे त्याच्या चाळणीने कुणाच्या खाजगीपणाला धक्का लागत नाही. युक्तिवाद हुशारीचा आहे. पण चाळणीतून काय खाली पडणार आणि ते कुणाच्या टेबलावर जाणार, हे माणूस ठरवतो. शिवाय नोंद एकदा साठली की ती नंतर कुणालाही उघडता येते.

माझ्या मते यंत्राने धोका कमी केलेला नाही, त्याच्यावरचा एक नैसर्गिक लगाम काढून टाकला आहे. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस संस्थेला १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार नोकरदार आणि त्यांच्याहून जास्त खबरे लागत होते. तिच्या फायली एकापुढे एक मांडल्या तर शंभरावर किलोमीटर होतात. इतकी माणसं आणि इतका कागद पोसणं हीच त्या पाळतीची मर्यादा होती.

याच धाटणीचं आणखी एक समर्थन ऑक्टोबर २०१३ च्या सुनावणीत ऐकायला मिळालं. अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या गुप्तचर समितीचे अध्यक्ष माइक रॉजर्स एका कायद्याच्या प्राध्यापकाला म्हणाले की, खाजगीपणाचा भंग झाला हे तुम्हाला कळलंच नाही, तर भंग झाला असं म्हणता येत नाही. या न्यायाने झोपलेल्या माणसाच्या घरातून काही उचललं तर चोरी होत नाही.

६. या पाळतीमुळे हल्ले थांबले, हे तर मान्य कराल?

हा खरा कळीचा प्रश्न आहे. म्हणूनच याचं उत्तर आकड्याआकड्याने देते.

जून २०१३ मध्ये एनएसएचे प्रमुख कीथ अलेक्झांडर यांनी सांगितलं की या कार्यक्रमांच्या मदतीने जगभरातले ५४ कट उधळले गेले. हा आकडा टीव्हीवर, संसदेत, सगळीकडे फिरला. मग सिनेटर पॅट्रिक लेही यांनी एकेक करून विचारायला सुरुवात केली. ५४ पैकी अमेरिकेशी संबंध असलेली प्रकरणं १३. त्यातली बरीचशी मुळात कट नव्हतीच. कुणी पैसे पाठवले होते, कुणी आणखी काही मदत केली होती. आणि देशातल्या कॉलनोंदींचा तो साठा नसता तर हाती लागलंच नसतं असं प्रकरण? जुलै अखेरच्या सुनावणीत एनएसएचे उपप्रमुख जॉन इंग्लिस यांनी कबूल केलं: फार तर एक.

ते एक प्रकरण सॅन डिएगोतल्या एका टॅक्सीचालकाचं. त्याने सोमालियातल्या अल शबाब या दहशतवादी संघटनेला ८,५०० डॉलर पाठवल्याचं सिद्ध झालं. गुन्हा गंभीर आहे, यात वाद नाही. पण कोट्यवधी माणसांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जमवून हाती हे लागलं. डोंगर पोखरून उंदीर. २०२० मध्ये त्याच खटल्याच्या अपिलात न्यायालयाने त्याची शिक्षा कायम ठेवली, पण कॉलनोंदींचा कार्यक्रम बेकायदा होता असंही म्हटलं. पुढे जाऊन न्यायाधीशांनी असंही नोंदवलं की त्याच्या उपयोगाबद्दल अधिकाऱ्यांनी जाहीरपणे जे सांगितलं, ते गुप्त कागदांशी जुळत नाही.

सरकारनेच नेमलेल्या खाजगीपणाविषयक देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. या कार्यक्रमाने दहशतवादाच्या तपासात ठोस फरक पडल्याचं एकही उदाहरण मंडळाला सापडलं नाही. त्याआधी डिसेंबरमध्ये ओबामांच्या अभ्यासगटानेही हल्ले रोखायला तो अत्यावश्यक नव्हता असं सांगितलं होतं. त्या गटात सीआयएचे माजी उपसंचालक मायकल मॉरेल होते. त्यांना कुणी भाबडं म्हणणार नाही.

२०१५ च्या कायद्याने सरसकट साठा बंद झाला आणि नोंदी कंपन्यांकडेच ठेवून मागवण्याची पद्धत आली. तिच्यावर चार वर्षांत सुमारे १० कोटी डॉलर खर्च झाले. एफबीआयकडे आधी नव्हती अशी माहिती त्यातून दोनदा मिळाली आणि एक महत्त्वाचा तपास उभा राहिला. एनएसएने ती पद्धत स्वतःहून थांबवली.

७. ११ सप्टेंबर २००१ च्या आधी ही यंत्रणा असती तर हल्ला टळला असता, असं म्हणतात. खरं आहे का?

समर्थकांचं हे उदाहरण असं आहे: विमान पळवणाऱ्यांपैकी खालिद अल मिहधार सॅन डिएगोत राहत होता आणि तिथून येमेनमधल्या अल कायदाच्या एका घरी फोन करत होता. कॉलनोंदींचा साठा असता तर तो सापडला असता.

पण येमेनमधल्या त्या घराचा फोन एनएसए आधीपासूनच ऐकत होती. मिहधारकडे अमेरिकेचा व्हिसा आहे हे सीआयएला जानेवारी २००० मध्येच कळलं होतं. ही माहिती एफबीआयपर्यंत वेळेवर पोचली नाही. दोन खाती एकमेकांशी बोलली नाहीत, म्हणून तो सुटला. त्यावरचा इलाज आणखी माहिती हा नव्हता.

८. गवताच्या गंजीतून सुई काढायची तर आधी गंजी तर हवी ना?

न्याय खात्याचे उपप्रमुख जेम्स कोल यांनी २०१३ च्या सुनावणीत जवळपास हेच शब्द वापरले होते. ऐकायला बिनतोड वाटतं, म्हणून हिशेब मांडून पाहू.

समजा ३० कोटींच्या देशात ३,००० दहशतवादी आहेत. आणि समजा तुमच्याकडे ९९ टक्के अचूक यंत्रणा आहे. इतकी अचूक कुणाकडेच नाही, पण धरून चालू. ती २,९७० दहशतवादी बरोबर ओळखेल. उरलेल्या निरपराधांपैकी एक टक्का चुकून संशयित ठरतील, म्हणजे जवळपास ३० लाख. यादीतल्या दर एका खऱ्यामागे हजारभर निरपराध. तपास अधिकारी तेवढेच असतात, आणि त्यांना आता हजार दारं ठोठवायची आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी असं एरवी आपण चुकून झालेल्या अन्यायाला म्हणतो. इथे ते गणितातच आहे.

प्रत्यक्षात घडलेलंही पाहा. बॉस्टन मॅरेथॉनच्या हल्लेखोर भावांपैकी थोरल्याबद्दल रशियाने २०११ मध्येच कळवलं होतं आणि एफबीआयने त्याची भेटही घेतली होती. लंडनच्या वुलिचमध्ये मे २०१३ मध्ये सैनिकाचा खून करणारे दोघेही एमआय-५ या ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर संस्थेच्या आधीच्या तपासांत येऊन गेले होते. सुया सापडल्या होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायला माणसं आणि वेळ पुरला नाही.

९. समर्थक म्हणजे सगळे हुकूमशाहीचे चाहते, असं तुमचं म्हणणं आहे का?

मुळीच नाही. असं म्हणणाऱ्यांमुळे आमची बाजू लंगडी पडते. सिनेटर डायान फाइनस्टाइन अनेक बाबतींत उदारमतवादी होत्या, तरी या कार्यक्रमाच्या ठाम समर्थक. हल्ला झाला तर जबाबदारी आपल्यावर येणार, ही भीती या लोकांच्या मनात खरी असते, आणि तिची खिल्ली उडवणं मला पटत नाही.

उलट बाजूचंही पाहा. २००१ चा पेट्रियट हा दहशतवादविरोधी कायदा ज्यांनी संसदेत मांडला ते जिम सेन्सेनब्रेनर याच कार्यक्रमाच्या विरोधात उभे राहिले: ज्या कलमाचा आधार घेतला जातो ते आम्ही यासाठी लिहिलंच नव्हतं, असं त्यांचं म्हणणं. जुलै २०१३ मध्ये हा कार्यक्रम बंद करायची दुरुस्ती २०५ विरुद्ध २१७ मतांनी पडली. दोन्ही पक्षांची मतं दोन्हीकडे विखुरली होती. डावे-उजवे अशी इथे सरळ रेघ नाही.

१०. पण न्यायालयाची परवानगी होती ना?

होती, म्हणून ते न्यायालय कसं आहे ते बघायला हवं. चर्च समितीच्या चौकशीनंतर १९७८ च्या कायद्याने ते स्थापन झालं. कामकाज गुप्त, आणि साधारणपणे सरकारी वकीलच समोर असतो; दुसरी बाजू नाही. १९७९ ते २०१२ या काळात ३३ हजारांहून जास्त अर्ज आले आणि ११ नाकारले गेले. समर्थक म्हणतात, हा आकडा फसवा आहे, कारण न्यायालय बरेच अर्ज बदलून घेतं. हे रास्त आहे: मुख्य न्यायाधीश रेगी वॉल्टन यांनी २०१३ मध्ये तपासलं तेव्हा तीन महिन्यांतल्या जवळपास चतुर्थांश अर्जांत खरोखरचे बदल करायला लावले होते.

पण त्याच वॉल्टन यांना २००९ मध्ये काय आढळलं? रोज आपोआप तपासल्या जाणाऱ्या यादीत १७,८३५ फोन नंबर होते. न्यायालयाने घातलेल्या संशयाच्या अटीत त्यातले फक्त १,९३५ बसत होते. एनएसएने न्यायालयाला जे सांगितलं होतं ते वेगळंच होतं, आणि हे जवळजवळ तीन वर्षं चाललं. न्यायाधीश प्रामाणिक असून काय उपयोग, समोर येणारी माहिती एकाच पक्षाची असेल तर?

११. प्रत्यक्ष गैरवापर झाल्याचे पुरावे आहेत की नुसती भीती?

आहेत. एनएसएच्या महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये सिनेटला कळवलं की २००३ पासून जाणूनबुजून गैरवापराची १२ प्रकरणं झाली; त्यातल्या बऱ्याच जणांनी बायकोवर, नवऱ्यावर किंवा प्रेयसीवर नजर ठेवली होती. हा आकडा लहान आहे, असं समर्थक म्हणतात. सापडलेल्यांचा आहे, असं मी म्हणते. काही प्रकरणं तर त्या माणसांनी स्वतः कबूल केली म्हणून कळली.

एफबीआयचा आकडा लहान नाही. २०२३ मध्ये खुल्या झालेल्या न्यायालयीन निकालानुसार कलम ७०२ च्या साठ्यात नियम मोडून केलेले शोध २ लाख ७८ हजार होते. त्यात वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करणारे होते, ६ जानेवारी २०२१ च्या कॅपिटॉल हल्ल्याशी संबंधित संशयित होते, आणि एका उमेदवाराला देणगी देणारे १९ हजार लोकही होते. कलम ७०२ काय आहे ते पुढच्या प्रश्नात.

१२. कलम ७०२ फक्त परदेशी लोकांसाठी आहे आणि ते उपयोगी आहे, हे खरं ना?

उपयोगी आहे, हो. प्रश्न ६ मधला कॉलनोंदींचा साठा आणि हे कलम यांची गल्लत करू नका. विरोधक ती बरेचदा करतात. २००८ च्या या कलमाखाली अमेरिकेबाहेरच्या परदेशी व्यक्तींना लक्ष्य करून त्यांचे मेल, संदेश घेतले जातात. ज्या मंडळाने कॉलनोंदींचा कार्यक्रम निरुपयोगी ठरवला, त्यानेच २०१४ मध्ये हे कलम मौल्यवान असल्याचं सांगितलं.

अडचण अशी की, लक्ष्य परदेशी असलं तरी त्याच्याशी बोलणाऱ्या अमेरिकन माणसाचा मजकूरही आपसूक जमा होतो, आणि मग एफबीआय वॉरंटशिवाय त्यात अमेरिकन नागरिकाचं नाव टाकून शोधतं. असा शोध घ्यायला वॉरंट लागावं ही दुरुस्ती १२ एप्रिल २०२४ रोजी प्रतिनिधिगृहात २१२ विरुद्ध २१२ अशी बरोबरीत अडकून पडली. त्यानंतर कलमाला दोन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

१३. आम्ही अमेरिकन नाही. आमच्या माहितीचं काय?

अमेरिकेतल्या चर्चेत हा प्रश्न जवळजवळ कुणी विचारत नाही, आणि त्याची मला चीड येते. ‘आम्ही आमच्या नागरिकांवर पाळत ठेवत नाही’ या वाक्याचा उरलेल्या जगासाठी अर्थ काय होतो? ऑक्टोबर २०१३ मध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मेर्केल यांच्या फोनवर नजर असल्याचं बाहेर आलं, तेव्हा मित्रांनी मित्रांवर हेरगिरी करणं चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. पण त्यांच्याच देशाची बीएनडी ही गुप्तचर संस्था परदेशी लोकांचा मजकूर उपसत होती. १९ मे २०२० रोजी जर्मनीच्या घटना न्यायालयाने निकाल दिला की जर्मन सत्ता मूलभूत हक्कांनी बांधलेली आहे आणि परदेशातल्या परदेशी माणसाच्या फोनबाबतही ते हक्क लागू होतात. मला या सगळ्या वादातला हा सर्वात मोलाचा निकाल वाटतो.

१४. कंपन्या तर याहून जास्त माहिती घेतात. मग सरकारलाच का धरायचं?

कंपनी तुम्हाला अटक करू शकत नाही, एवढा फरक पुरेसा आहे. पण दोन्ही वेगळ्या पेट्या आहेत, हेही आता खरं राहिलेलं नाही. जून २०२३ मध्ये अमेरिकेच्या गुप्तचर प्रमुखांच्या कार्यालयाने एक अहवाल खुला केला. बाजारात विकत मिळणारी माहिती, लोकांच्या ठावठिकाण्यासकट, गुप्तचर संस्था विकत घेतात हे त्यात मान्य केलेलं आहे. जे वॉरंट घेऊन मिळवायचं, ते पैसे मोजून मिळतं.

१५. स्नोडेनने आतल्या मार्गाने तक्रार का केली नाही?

त्याच्या आधी ज्यांनी केली त्यांचं काय झालं ते पाहा. एनएसएचे वरिष्ठ अधिकारी थॉमस ड्रेक यांनी वरिष्ठांकडे आणि चौकशी यंत्रणेकडे रीतसर तक्रारी केल्या, पुढे एका पत्रकाराशी बोलले. २०१० मध्ये त्यांच्यावर हेरगिरी कायद्याखाली आरोप ठेवले गेले. वर्षभरात खटला कोसळला आणि शेवटी एका किरकोळ गुन्ह्यावर मिटला. नोकरी मात्र गेली होती.

दुसरी घटना १२ मार्च २०१३ ची. सिनेटर रॉन वायडन यांनी गुप्तचर प्रमुख जेम्स क्लॅपर यांना उघड सुनावणीत विचारलं: एनएसए लाखो अमेरिकनांची कुठल्याही प्रकारची माहिती गोळा करते का? खाली मान घालून, कपाळावर बोटं फिरवत क्लॅपर म्हणाले, ‘नाही, सर.’ आणि मग, ‘जाणूनबुजून तर नाही.’ वायडन यांना खरं उत्तर माहीत होतं, पण गुप्ततेच्या शपथेमुळे बोलता येत नव्हतं. जूनमध्ये कागद बाहेर आले आणि आपलं उत्तर साफ चुकीचं होतं असं क्लॅपर यांनी पत्राने कळवलं. स्नोडेनच्या प्रत्येक कृतीचं समर्थन मी करत नाही. परदेशातल्या हेरगिरीचे काही तपशील बाहेर यायला नको होते. पण आतला मार्ग जिथे पोचतो, त्या खोलीत काय उत्तर मिळत होतं ते हे असं होतं.

१६. फोन आणि संदेशांच्या यंत्रणेत तपास यंत्रणांसाठी फक्त एक मागचं दार ठेवलं तर काय बिघडतं?

दाराला कोण आत येतंय ते कळत नाही. २००५ मध्ये ग्रीसमध्ये आढळलं की पंतप्रधान कोस्टास करामानलिस, मंत्री, अधिकारी अशा शंभरावर लोकांचे मोबाइल महिनोन्‌महिने ऐकले जात होते. एक्सचेंजमध्ये कायदेशीर टॅपिंगसाठी जी सोय केलेली असते, तीच कुणीतरी गुपचूप चालू करून वापरली होती. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने दूरध्वनी कंपन्यांना अशी सोय ठेवणं बंधनकारक केलं. २०२४ मध्ये चीनशी संबंधित हॅकर तिथल्या कंपन्यांत शिरले आणि त्याच टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंत पोचले. त्या डिसेंबरमध्ये सरकारी सायबर अधिकाऱ्यांनीच लोकांना कूटबद्ध (एन्क्रिप्टेड) संदेश वापरायला सांगितलं. मजबूत कूटबद्धता नको असा आग्रह वर्षानुवर्षं सरकारी यंत्रणांचाच होता.

कूटबद्धतेने मजकूर झाकला जातो, मेटाडेटा नाही, हेही लक्षात ठेवा (प्रश्न ४ पाहा).

१७. युरोपातल्या न्यायालयांनी सरसकट पाळत बेकायदा ठरवली आहे ना?

अर्धं खरं. सगळ्यांच्या फोन-इंटरनेट नोंदी साठवायला लावणारा २००६ चा युरोपीय नियम तिथल्या न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये रद्द केला. पण ऑक्टोबर २०२० मध्ये त्याच न्यायालयाने राष्ट्रीय सुरक्षेला खरा, गंभीर धोका असेल तर मर्यादित काळासाठी सूट दिली. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २५ मे २०२१ रोजी ब्रिटनची पद्धत हक्कांचा भंग करणारी ठरवली, मात्र सरसकट उपसा मुळातच बेकायदा आहे असं म्हटलं नाही. सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतंत्र देखरेख हवी, असं म्हटलं. दोन्ही बाजूंनी त्या दिवशी आपलाच विजय झाल्याचं जाहीर केलं.

१८. गुन्हा घडला त्या जागेच्या आसपासच्या सगळ्या फोनची यादी पोलिसांनी मागवली, तर ती सरसकट पाळत का?

हा सीमेवरचा प्रश्न आहे. गुन्हा खरा, जागा ठरलेली, वेळ ठरलेली, बहुतेकदा न्यायाधीशाची सहीही असते. तरी संशयित आधी नाही. जाळं टाकून जो अडकेल तो. अमेरिकेतल्या अपील न्यायालयांची यावर वेगवेगळी मतं पडली आहेत. माझं मत: जागा आणि वेळ अगदी आवळलेली असेल, पहिली यादी निनावी असेल आणि नाव उघडायला प्रत्येक वेळी वेगळी परवानगी लागत असेल, तरच.

हे मत एका घटनेमुळे पक्कं झालं. फ्लोरिडातल्या एका तरुणाला जानेवारी २०२० मध्ये गूगलकडून मेल आली: पोलिसांनी तुमच्या खात्याची माहिती मागितली आहे, सात दिवसांत न्यायालयात हरकत घेतली नाही तर आम्ही ती देऊ. कशाबद्दल ते लिहिलेलं नव्हतं. दिलेल्या क्रमांकावरून त्याने शोधलं, तर त्याच्या घरापासून मैलभर अंतरावर राहणाऱ्या एका वृद्ध बाईच्या घरी दहा महिन्यांपूर्वी चोरी झाली होती. ते घर त्याने कधी आतून पाहिलं नव्हतं. पण व्यायामासाठी तो सायकल चालवायचा आणि किती फिरलो ते मोजायला फोनमध्ये ॲप लावायचा. चोरीच्या दिवशीची फेरी त्याने उघडून पाहिली. नेहमीच्याच गल्ल्यांमधून गोल गोल फिरताना, तासाभरात तो त्या घरासमोरून तीनदा गेला होता. आईवडिलांनी साठवलेल्या पैशांतून वकील केला, वकिलाने हरकत घेतली, तेव्हा पोलिसांनी मागणी सोडली.